संज्ञापनाच्या अभ्यासकाची शोधवाट

संज्ञापनाचा विद्यार्थी संशोधनलेख शोधू लागतो, तेव्हा लेखांच्या दुर्मिळतेपेक्षा शब्दांची विपुलताच त्याला अधिक अडविते. मराठीत आपण कोठे ‘संज्ञापन’ म्हणतो, कोठे ‘संप्रेषण’, तर कोठे नुसते ‘संवाद’. हिंदीत ‘संचार’ रूढ आहे, कन्नडात ‘संवहन’. हाच शेवटचा शब्द हिंदी सूचीत पाहावा, तर पदार्थविज्ञानातील उष्णतेचे प्रकरण हाती यावे!

म्हैसूरच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यापुढे असा प्रश्न आहे असे समजू : सरकारी पत्राची भाषा सामान्य नागरिकास दुर्बोध का होते? हे वाक्य जसेच्या तसे संगणकास दिले, तर बहुधा वृत्तपत्री मजकुराचा ढीग तेवढा पुढे येतो. म्हणून प्रश्न आधी फोडावा लागतो. प्रशासन, भाषा, वाचक, सुबोधता ही त्याची अंगे. आणि त्यांचा विचार कोणत्या शास्त्राने कोणत्या नावाखाली केला आहे, हे मग पाहावयाचे. ‘जर्नल ऑफ कम्युनिकेशन’सारख्या, 1951 पासून निघणाऱ्या नियतकालिकापासून आरंभ करणे स्वाभाविकच आहे. परंतु भाषाशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा प्रश्न ‘भाषानियोजना’च्या कक्षेत येतो, आणि त्या विषयात काम करणारे, 1969 मध्ये स्थापन झालेले भारतीय भाषा संस्थान म्हैसुरातच मानसगंगोत्रीत आहे.

याहून उद्बोधक उदाहरण त्याच गावात आहे. तेथील प्राच्य ग्रंथालयात आलेली कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांनी ओळखली आणि 1909 मध्ये छापून प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात राजशासने कशी लिहावीत यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. लेखाचे सहा गुण आणि पाच दोष तेथे सांगितले आहेत. गुणांत स्पष्टता आहे, दोषांत पुनरुक्ती आहे. आपल्या विद्यार्थ्याचाच हा प्रश्न! पण सूचीत हा ग्रंथ राज्यशास्त्रात, इतिहासात किंवा संस्कृतात असावयाचा. संज्ञापनाच्या कप्प्यात तो कोण ठेवणार? र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली आणि मुंबई विद्यापीठाने 1960 ते 1965 या काळात तीन भागांत प्रसिद्ध केलेली आवृत्ती उघडली, म्हणजे तिच्या टीपांतून पूर्वीच्या अभ्यासकांची नावे मिळू लागतात. शोधाची खरी वाट हीच होय. एक चांगला लेख हाती आला की त्याच्या संदर्भांवरून मागे जावे, आणि त्याचा उल्लेख पुढे कोणी केला हे पाहत पुढे यावे. दुसरे काम आता संगणकामुळे फारच सोपे झाले आहे. ‘शोधगंगे’वरील प्रबंधांच्या संदर्भसूचीही अशाच उपयोगी पडतात.

सापडले ते सर्व संशोधन नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. ज्यात प्रश्न, साधने व पद्धती उघड मांडलेली असतात आणि जो छापण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांनी तपासलेला असतो, तो संशोधनलेख. आमच्यासारख्या समीक्षकांचे पुष्कळसे लेखन या कसोटीस उतरत नाही. ते मान्य करावे. पण केवळ परीक्षित लेखच हवेत, तेही अलीकडच्या दहा वर्षांतील, अशी अट जेथे यांत्रिकपणे लादली जाते, तेथे मराठीतील बराचसा भाषाविचार विद्यार्थ्याच्या दृष्टीआडच राहतो. महाराष्ट्र शासनाच्या 1962 च्या पदनाम कोशावर झालेला वाद घ्या. त्यातील खंडनमंडन संशोधनलेख म्हणून गणता येणार नाही. परंतु सरकारी मराठी वाचकास कशी बोचली, याचा तो प्रत्यक्ष पुरावा आहे. विद्यार्थ्याने त्याची नोंद संशोधनलेखांत न करता मूळ साधनांत करावी, आणि अध्यापकाने तीस गुण द्यावेत.