मागणाऱ्याची अब्रू

तंजावरच्या मराठी राजवाड्यातून निघून पूर्वेला समुद्राची वाट धरली, की नागूर हे गाव लागते. सोळाव्या शतकातील सूफी संत शाहुल हमीद यांचा दर्गा तेथे आहे. दर्ग्याच्या पाच मनोऱ्यांपैकी सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा भोसले घराण्यातील प्रतापसिंह महाराजांनी बांधविला. त्या दर्ग्याच्या वाटेवर मागणाऱ्यांची रांग नेहमी बसलेली असते. सरकारी कामानिमित्त तंजावरला असताना एकदा तेथे जाणे झाले. बरोबर एक वयोवृद्ध मुसलमान शिक्षक होते. रांगेतल्या प्रत्येकाच्या हाती नाणे ठेवीत ते पुढे गेले आणि मग मला म्हणाले, “साहेब, आमच्या धर्मात देणे हे कर्तव्य आहे, मागणे मात्र हक्क नव्हे, ती नाइलाजाची सवलत आहे.” या एका वाक्याचा अर्थ आज श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभी आपल्याच भाषेतले काही शब्द पाहू. ‘सवाल’ म्हणजे आपल्या लेखी प्रश्न. परंतु मूळ अरबीत त्याचा अर्थ मागणे असाही आहे. ‘जकात’ म्हटले की आपल्याला शहराच्या वेशीवरचा नाका आठवतो; तो कर २०१७ साली मुंबईतूनही गेला. इस्लाममध्ये मात्र जकात म्हणजे श्रीमंताच्या संपत्तीतला गरिबाचा वाटा. आणि ‘अब्रू’ हा तर फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी, मुखावरचे तेज. पैगंबरसाहेबांच्या वचनांत असे सांगितले आहे, की जो गरज नसता लोकांकडे मागत फिरतो, तो अंतिम निवाड्याच्या दिवशी चेहऱ्यावर मांस नसलेला असा उभा राहील. मागण्याने चेहऱ्याचे पाणी जाते, ही कल्पना आपल्या बोलण्यातही किती खोल रुजली आहे!

मग मागावे तरी कोणी? कबीसा नावाच्या गृहस्थाने कोणा दुसऱ्याच्या देण्याची हमी घेतली होती. ती फेडण्यासाठी तो पैगंबरांकडे मदत मागावयास आला. तेव्हा त्यांनी तीनच प्रसंग सांगितले. तंटा मिटविण्यासाठी दुसऱ्याचे देणे अंगावर घेतलेला मनुष्य. आपत्तीत सर्वस्व गमावलेला मनुष्य. आणि ज्याच्या उपासमारीची साक्ष त्याच्याच जमातीतील तीन समंजस माणसे देतील, असा मनुष्य. यांनी मागावे, तेही गरज भागेपर्यंतच. सरकारी नोकराला येथे थोडे हसू येते, कारण उत्पन्नाच्या दाखल्याचा मूळपुरुष त्याला येथे भेटतो. भेद इतकाच, की येथे साक्ष शेजाऱ्यांची आहे, शिक्क्याची नव्हे.

दुसरी एक कथा याहूनही बोलकी आहे. मदिनेतील एक गरीब मनुष्य मागावयास आला. घरी काय आहे, असे विचारता एक जाडेभरडे वस्त्र आणि पाणी पिण्याचा एक वाडगा, एवढेच निघाले. पैगंबरांनी ते दोन्ही मागवून लिलावात दोन दिरहमांना विकले. एका दिरहमाचे धान्य घरी पाठविले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणविली, तिला स्वतःच्या हाताने दांडा बसविला आणि पंधरा दिवस लाकडे तोडून विकावयास सांगितले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम मिळवून परतला. येथे नकार आहे, पण नुसता नकार नाही. मागणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवून उपदेश करणे सोपे असते. दांडा बसवून देणे अवघड.

हीच या विचाराची दुसरी बाजू. ज्या धर्माने मागणाऱ्यावर इतके निर्बंध घातले, त्यानेच देणाऱ्यावर त्याहून अधिक घातले. ठरावीक मर्यादेपलीकडची संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, द्यावाच लागतो. तो घेण्यास पात्र असलेल्या आठ वर्गांत गरिबांबरोबर कर्जात बुडालेले आणि वाटेत अडकलेले प्रवासीही आहेत. मागणाऱ्याला झिडकारू नये, देऊन बोलून दाखवू नये, ऋणकोची ओढाताण असेल तर मुदत वाढवून द्यावी, असे कुराण बजावते. आणि खरा मिस्कीन कोण? दारोदार घासभर अन्नासाठी फिरणारा नव्हे. ज्याच्याजवळ पुरेसे नाही, पण ज्याच्या गरजेची कोणाला दादही नाही, तो. संकोचामुळे अनभिज्ञाला जो सुखवस्तू भासतो, तोच खरा गरजू.

यातून एक मोठा निष्कर्ष निघतो. अब्रूदार मनुष्य मागणार नसेल, तर त्याला शोधून काढण्याचे ओझे देणाऱ्यावर येते.

तंजावरला ही गोष्ट ठाऊक होती. मराठी राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे उभारली. १८०१ साली सरफोजी महाराजांनी इंग्रज रेसिडेंटास लिहून ती आपल्याकडेच राहावीत अशी विनंती केली. त्या पत्रात छत्रांचे वर्णन आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानलेल्यांपर्यंत सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळे. आजाऱ्यास औषध, तान्ह्या मुलास दूध मिळे. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की जो कोणी अद्याप जेवला नसेल, त्याने यावे. छत्र हिंदू राजाचे, विचार अरबस्तानातला. पण दोहोंचे मर्म एकच. उपाशी माणसाने हाक मारावयाची नाही, हाक दात्याने मारावयाची.

माझ्या टेबलावर मदतीचे अर्ज येत. एका वर्षी अतिवृष्टीनंतर अर्जांचा ढीग आला. कागद नीट असलेल्यांना मदत गेली आणि काम उरकल्याचे समाधान मला वाटले. पुढे पाहणीला गेलो असता भिंत खचलेल्या एका घरात एक विधवा भेटली. तिने अर्जच केला नव्हता. का, असे विचारता ती एवढेच म्हणाली, “मागायचं कसं, भाऊ?” मुदत टळून गेली होती. नियमाप्रमाणे माझी चूक काहीच नव्हती, आणि म्हणूनच ते उत्तर मनातून जात नाही.

आज नागूरचा मनोरा आठवला, की त्या मध्यरात्रीच्या घंटेचीही आठवण येते. आपल्या कचेऱ्यांत अर्ज घेण्याची खिडकी असते. घंटा मात्र क्वचितच असते. खिडकी मागणाऱ्यासाठी असते, घंटा न मागणाऱ्यासाठी. ती वाजविणे हे ज्याच्या हाती काही देण्यासारखे आहे, त्या प्रत्येकाचे काम आहे.