रिपोर्ट नॉर्मल, मग दम का लागतो?

रायपूरहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला आलोय. मागच्या भागाखाली बऱ्याच जणांनी श्वासाबद्दल विचारलं होतं, म्हणून आजचा विषय फुप्फुसांचा. मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण हा विषय माझ्या स्वतःच्या छातीतून गेलेला आहे, म्हणून वाचून, विचारून समजून घेतला.

एप्रिल २०२१ मध्ये मला कोरोना झाला. घरीच बरा झालो. पण पुढे दोन-तीन महिने तेलीबांधा तलावाची फेरी एका दमात होईना, मध्ये बाकावर बसावं लागे. सीटी स्कॅन स्वच्छ. नळीत जोरात फुंकायची स्पायरोमेट्री वयाला साजेशी. बोटावरचं यंत्र ९७ दाखवायचं. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. आता मनातून काढून टाक."

मला राग आला, आणि लगेच एक जुनी गोष्ट आठवली. उंचावरच्या एका चौकीवर आमचा एक जवान म्हणायचा, "साहेब, दम पुरत नाही." त्याचा एक्स-रे स्वच्छ होता. मी त्याला कामचुकार ठरवलं होतं. म्हणून आजचा प्रश्न असा: रिपोर्ट नॉर्मल म्हणजे नेमकं काय नॉर्मल?

श्वासाचं काम रसद पोचवण्यासारखं आहे. पहिला टप्पा रस्ता, म्हणजे हवा नळ्यांतून वायुकोशांपर्यंत जाणं. दुसरा टप्पा वायुकोशाचा पातळ पडदा ओलांडणं. तिसरा टप्पा रक्तातल्या तांबड्या पेशींनी ऑक्सिजन उचलून नेणं. स्पायरोमेट्री मुख्यतः रस्ता तपासते, तोही सगळ्या फुप्फुसाचा एकत्र हिशोब. आमच्या भाषेत, कंपनीची एकूण हजेरी कळते, कोणता सेक्शन गैरहजर आहे ते कळत नाही. सीटी स्कॅन रचना दाखवतो, पण देवाणघेवाण दाखवत नाही.

मग एमआरआय का नाही? साधा एमआरआय शरीरातल्या पाण्यामधल्या हायड्रोजनचा संदेश पकडतो. फुप्फुसात पाणी थोडं, हवा जास्त. शिवाय हवा आणि ऊतींच्या असंख्य सीमांमुळे जो काही संदेश असतो तोही झटकन विरतो. म्हणून चित्रात फुप्फुसं जवळजवळ काळी दिसतात. शास्त्रज्ञांनी यावर उपाय काढला: ज्याचा संदेश एमआरआयला ऐकू येईल असा वायूच रुग्णाला श्वासातून द्यायचा. तो वायू म्हणजे झेनॉन-१२९.

झेनॉनच्या अणुकेंद्राला एक छोटी होकायंत्राची सुई समजा. एरवी या सुया अस्ताव्यस्त असतात. चुंबकात ठेवल्या तरी एका दिशेच्या सुया दुसऱ्या दिशेपेक्षा दहा लाखांत जेमतेम काहीच जास्त भरतात. त्यांना शिस्त लावायला लेझरचा प्रकाश रुबिडियम धातूच्या वाफेवर टाकतात. रुबिडियमचे इलेक्ट्रॉन आधी रांगेत येतात, आणि झेनॉनशी टक्कर होताना ती शिस्त झेनॉनला देतात. यामुळे संदेश हजारो पटींनी वाढतो. १९९४ मध्ये अमेरिकेत उंदराच्या फुप्फुसांची अशी पहिली चित्रं निघाली. माणसांवर आधी हेलियम-३ हा वायू जास्त वापरला गेला, पण तो फार दुर्मिळ, म्हणून काम झेनॉनकडे वळलं.

झेनॉन आपल्याच हवेत आहे, सुमारे एक कोटी भागांत एक भाग. हवा थंड करून द्रवरूप केली की तिचे घटक वेगळे करता येतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून २०२१ मध्ये दवाखान्यांना गेलेला ऑक्सिजन असाच बनतो. ज्या मोठ्या प्रकल्पांत तशी सोय असते, तिथे याच वाटेने झेनॉनही मिळतो.

प्रत्यक्ष तपासणीत रुग्णाच्या छातीभोवती झेनॉनसाठी खास जुळवलेलं जाकीट बांधतात. तो पिशवीतला वायू ओढून दहा-पंधरा सेकंद श्वास धरतो, तेवढ्यात चित्र निघतं. घाई करावीच लागते, कारण फुप्फुसातल्या ऑक्सिजनमुळे सुयांची शिस्त लवकर मोडते. किरणोत्सर्ग नसतो. थोडा वेळ डोकं हलकं वाटू शकतं, कारण झेनॉनला भूल देण्याचाही गुण आहे.

चित्रात हवा पोचली तो भाग उजळ, पोचली नाही तो काळा. आणखी एक गोष्ट आहे. झेनॉन पडद्यात आणि रक्तात विरघळतो, आणि हवेत, पडद्यात, तांबड्या पेशीत त्याचा सूर वेगवेगळा लागतो. त्यामुळे रसद कोणत्या टप्प्यावर अडली, ते फुप्फुसाच्या भागागणिक दिसू शकतं. ऑक्सफर्ड आणि शेफील्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दीर्घकाळ कोरोनाचा त्रास असलेल्या काही रुग्णांत हे तपासलं. सीटी जवळजवळ स्वच्छ असूनही वायू रक्तात पोचण्यात अनेकांमध्ये बिघाड दिसला. रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. अमेरिकेच्या औषध नियामकाने डिसेंबर २०२२ मध्ये झेनॉनला मान्यता दिली, तीही फक्त हवा कुठे पोचते ते पाहण्यासाठी.

आता कामाचं बोलू. ही तपासणी आपल्याकडे रोजच्या उपचारात आलेली नाही, तेव्हा तिच्यामागे धावू नका. पण दम लागतोय आणि रिपोर्ट नॉर्मल आहेत, असं असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. एक, डीएलसीओ तपासणी करायची का? तिच्यात वायू रक्तात किती जातो याचा एकूण आकडा कळतो. दोन, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघायचा का? बसल्या जागचा ९७ चालताना टिकतोच असं नाही. तीन, रक्ताचं प्रमाण आणि हृदय तपासलं का? दम लागण्याचं कारण दरवेळी फुप्फुसातच असतं असं नाही.

माझा डीएलसीओ थोडा कमी निघाला. श्वासाचे व्यायाम, हळूहळू वाढवलेलं चालणं, असं सात-आठ महिने केलं. आज तलावाची पूर्ण फेरी होते.

त्या जवानाला नेमकं काय झालं होतं, हे आता कळायचा मार्ग नाही. पण "तुला काही झालेलं नाही" असं मी त्याला म्हणालो होतो, ते चूक होतं. "या तपासणीत काही दिसलं नाही" एवढंच म्हणायला हवं होतं. तुमच्या घरात कुणी दम लागतो म्हणत असेल, तर निदान एवढा फरक ध्यानात ठेवा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद!