सूक्ष्मतरंग आणि औषधांची शरीरातील प्रक्रिया

सूक्ष्मतरंग किंवा मायक्रोवेव्ह म्हणजे सुमारे ३०० मेगाहर्ट्‌झ ते ३०० गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या विद्युतचुंबकीय लहरी होत. घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हन, मोबाइल फोन व भौतिकोपचारातील मायक्रोवेव्ह डायाथर्मी यंत्र यांत त्यांचा वापर होतो. या लहरी आयनकारी नसतात. शरीरात शोषल्या गेल्यावर त्या मुख्यतः ऊतींमधील पाण्याच्या रेणूंना आंदोलित करतात व त्यातून उष्णता निर्माण होते. औषधांच्या बाबतीत त्यांचा जो परिणाम समाधानकारकरीत्या समजला आहे, तो या उष्णतेमुळे घडणारा आहे.

उष्णता आणि औषधाचे शोषण

शरीरातील औषधाच्या प्रवासाचे शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन असे चार टप्पे मानले जातात. त्यांपैकी शोषणावर उष्णतेचा प्रभाव सर्वांत ठळक असतो. ऊब मिळताच त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तप्रवाह वाढतो आणि त्वचेवर किंवा त्वचेखाली असलेले औषध रक्तात लवकर उतरते. इन्शुलिन टोचलेली जागा शेकल्यास ते अधिक वेगाने शोषले जाते व रक्तशर्करा अपेक्षेपेक्षा लवकर घसरू शकते.

तीव्र वेदनांसाठी त्वचेवर चिकटवल्या जाणाऱ्या फेंटानिलच्या पट्टीबाबत हा धोका गंभीर असतो. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियस झाल्यास रक्तातील फेंटानिलचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने वाढू शकते, असे गणिती प्रतिमान सुचवते. मात्रा अधिक झाल्यास श्वसन मंदावून मृत्यूही संभवतो. म्हणून पट्टीच्या जागी कोणत्याही साधनाने शेक देणे निषिद्ध मानले जाते.

प्राण्यांवरील प्रयोग

१९७९ साली 'सायन्स' या नियतकालिकात उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात कमी तीव्रतेच्या स्पंदित सूक्ष्मतरंगांमुळे क्लोरडायझेपॉक्साइड या शामक औषधाचा वर्तनावरील परिणाम वाढल्याचे आढळले. केवळ सूक्ष्मतरंगांनी मात्र वर्तन बदलले नाही. या प्रयोगात वर्तन मोजले गेले होते. औषधाचा परिणाम वाढणे आणि त्याचा चयापचय बदलणे या भिन्न गोष्टी असल्याने, अशा निष्कर्षावरून माणसाच्या यकृतातील औषधप्रक्रियेविषयी अनुमान काढता येत नाही.

उपचारातील उपयोग

काही कर्करोगांत सूक्ष्मतरंगांनी अर्बुदाचे तापमान वाढवून रसायनोपचाराची परिणामकारकता वाढवण्याचा प्रयत्न केला जातो. ठरावीक तापमानालाच औषध मोकळे करणारे लिपोसोम, म्हणजे मेदाचे सूक्ष्म कोश, याच तत्त्वावर विकसित करण्यात आले आहेत.

गैरसमज व दक्षता

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये तापवलेल्या अन्नात सूक्ष्मतरंग शिल्लक राहत नाहीत. त्यामुळे असे अन्न खाल्ल्याने शरीर सूक्ष्मतरंगांच्या संपर्कात येत नाही. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल फोनसाठी विशिष्ट शोषण दराची कमाल मर्यादा दर किलोग्रॅमला १.६ वॉट आहे. या मर्यादेत ऊतींची तापमानवाढ अल्प असते. नियमित औषधे या भीतीपोटी बंद करू नयेत. डायाथर्मी घेण्यापूर्वी मात्र अंगावरील औषधी पट्टी, इन्शुलिन पंप किंवा शरीरात बसवलेले पेसमेकरसारखे उपकरण यांची माहिती उपचारकाला देणे आवश्यक असते.