जोर्व्याचं तोटीचं भांडं

संगमनेरच्या पूर्वेला प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथलं पांढरीचं टेकाड खणलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडींसोबत तिथे जी खापरं मिळाली, त्यांच्यावरून एका अख्ख्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. नेवासे आणि दायमाबादलाही हीच भांडी सापडली. लाल अंग, त्यावर काळ्या रेघा, कडक भाजणी. टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. मातीतून शिल्प घडवणाऱ्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कुणालाही गुरू शोधायला लांब जायला नको, असं माझं मत आहे. त्यासाठी यातलं एक तोटीचं भांडं कसं घडत असेल ते पाहू.

सुरुवात मातीपासून. इथली काळी माती कुंभाराला तशी त्रासदायकच. वाळताना फार आक्रसते आणि तडकते. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. असा एखादा खडा भांड्यात राहून गेला, तर भट्टीत त्याचा कळीचा चुना होतो. भांडं बाहेर आल्यावर तो हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि वरचा पापुद्रा उडवून देतो. म्हणून माती पाण्यात कालवून ठेवायची, जड कण तळाशी बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी वेगळं काढून त्यातला मऊ गाळ वापरायचा. जोर्व्याच्या खापराचा कडेचा भाग पाहिला की ही मेहनत कळते. पोत बारीक आणि सारखा असतो.

त्याच लोकांची दुसरी भांडी मात्र जाड, भरड, हाताने घडवलेली. लहान मूल गेलं की असे दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात त्याला ठेवून, घराच्या जमिनीखाली आडवे पुरत. भांडी अशी भरड ठेवणं हा हलगर्जीपणा नव्हे. भरड कण मिसळलेली माती कमी आक्रसते, मोठं भांडं त्यामुळे तडकत नाही. कुठे कोणती माती घ्यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मऊ मातीचं भांडं चाकावर चढतं. तोंड फाकलेलं, पोटाशी ठसठशीत कोन. पण तोटी चाकावर निघत नाही. ती वेगळी वळायची, भांडं अर्धवट वाळेपर्यंत थांबायचं, खांद्याजवळ भोक पाडायचं आणि पातळ चिखलाने तोटी जोडायची. दोन्हींचा ओलावा सारखा हवा. तोटी जास्त ओली असेल, तर ती मागाहून आक्रसते आणि सांध्यातून सुटते.

भांडं शिल्प होतं ते मला या सांध्यात दिसतं. असाच सांधा हान्स कोपरच्या कामात भेटतो. तो १९२० मध्ये जर्मनीत जन्मलेला निर्वासित. कुंभारकाम शिकलेला नव्हता. १९४६ मध्ये लंडनला कुंभारकाम करणाऱ्या लूसी री यांच्या कारखान्यात मातीची बटणं करायला लागला आणि पुढे विसाव्या शतकातला मोठा मृत्तिका-शिल्पकार ठरला. चाकावर वेगवेगळे भाग काढायचे, काही दाबून चपटे करायचे आणि मग एकमेकांवर जोडायचे, ही त्याची रीत. त्याच्यावर ग्रीसच्या सायक्लॅडिक बेटांवरच्या प्राचीन संगमरवरी मूर्तींचा प्रभाव होता. तरी त्याने त्या मूर्तींची नक्कल केली नाही. खाली निमुळतं टोक आणि वर रुंद आकार, हा त्यांचा तोल तेवढा घेतला.

पुन्हा जोर्व्याच्या भांड्याकडे. जोडकाम झालं की गेरूसारख्या लोहयुक्त मातीचा पातळ हात आणि त्यावर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा, चौकटी. रंगकाम भाजण्याआधीच होतं. मग भट्टी. आत हवा खेळती राहिली तर मातीतलं लोह लाल होतं; हवा कोंडली तर भांडं राखाडी-काळं पडतं. त्या लाल आचेतही रेघा काळ्या टिकवायच्या, तर रंगात मँगेनीज उपयोगी पडतं. ते हवेशीर भट्टीतही काळंच राहतं. भट्टी घाईने उघडली की गार वाऱ्याने भांडी तडकतात, म्हणून ती आपोआप निवू द्यायची.

आज मगवर जोर्व्याच्या काळ्या रेघा काढून त्याला वारसा म्हणणं सोपं आहे. मला त्यात फारसं काही दिसत नाही. मातीत काम करणाऱ्याने पुण्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जावं आणि नक्षीआधी तोटी अंगाला कुठे, किती कलून जोडली आहे ते पाहावं. मग घरी येऊन तसा एक सांधा करून पाहावा.