रोशफोरचे जहाज, ब्रिटिश निशाण : ‘इम्प्लॅकेबल’ची दीड शतकांची कारकीर्द

‘इम्प्लॅकेबल’ हे ब्रिटिश नौदलातील ७४ तोफांचे शिडाचे जहाज जन्माने फ्रेंच होते. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रोशफोरच्या गोदीतून २४ मार्च १८०० रोजी ते पाण्यात उतरले. सतराव्या-अठराव्या शतकांत सागरी पराक्रम गाजवणाऱ्या रने द्युगे-त्रुअँ या सेनानीचे नाव त्याला देण्यात आले होते. फ्रेंच निशाणाखाली ते जेमतेम साडेपाच वर्षे राहिले. १८०५ मध्ये ब्रिटिशांनी ते जिंकून घेतले आणि त्यानंतरची १४४ वर्षे ते इंग्लंडचे होते. शत्रूकडून घेतलेली जहाजे आपल्या ताफ्यात सामावून घेण्याची पद्धत त्या काळात सर्वच आरमारांत होती. त्या पद्धतीतून काय साधले, हे या एका जहाजाच्या चरित्रातून चांगले समजते.

सानेचा आराखडा

‘द्युगे-त्रुअँ’ हे ‘टेमेरेर’ वर्गातले जहाज. झाक-नोएल साने या फ्रेंच नौकारचनाकाराने १७८०च्या दशकात या वर्गाचा आराखडा तयार केला. फ्रेंच सरकारने तो प्रमाण मानला आणि त्यावरून तीन दशकांत शंभराच्या आसपास जहाजे बांधली. एकाच आराखड्यावर इतक्या संख्येने मोठी युद्धजहाजे उभी राहण्याचे दुसरे उदाहरण शिडांच्या युगात सापडत नाही.

या जहाजांची लांबी सुमारे ५५ मीटर, तर रुंदी साडेचौदा मीटरांच्या घरात असे. तोफा प्रामुख्याने दोन मजल्यांवर मांडलेल्या असत. खालच्या मजल्यावर सर्वांत जड तोफा असत, कारण वजन जितके खाली तितके जहाज स्थिर. तेथील २८ तोफांतून सुटणारा एकेक लोखंडी गोळा साडेसतरा किलोंहून अधिक वजनाचा होता. वरच्या मजल्यावर मध्यम, तर अगदी वर उघड्यावर हलक्या तोफा असत. जहाजावर सहाशेहून अधिक माणसे राहत. ७४ तोफांचे जहाज लढाईच्या रांगेत उभे राहण्याइतके बळकट आणि पाठलाग करण्याइतके चपळ असे. म्हणूनच त्या काळच्या सर्व मोठ्या आरमारांचा कणा याच आकाराच्या जहाजांचा होता.

‘द्युगे-त्रुअँ’ची पहिली मोठी कामगिरी कॅरिबियन समुद्रात झाली. आजच्या हैतीमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सें-दोमिंग या फ्रेंच वसाहतीत, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या लोकांविरुद्ध नेपोलियनने मोहीम काढली होती. १८०३ मध्ये ब्रिटिशांनी तेथील काप-फ्रान्से बंदराची नाकेबंदी केली. ती चुकवण्यासाठी जुलैमध्ये ‘द्युगे-त्रुअँ’ आणि ‘द्युकेन’ ही दोन जहाजे बंदराबाहेर पडली. ‘द्युकेन’ पकडले गेले, ‘द्युगे-त्रुअँ’ निसटले आणि युरोपला पोहोचले.

ट्रफाल्गर आणि त्यानंतरचे चौदा दिवस

२१ ऑक्टोबर १८०५ रोजी स्पेनच्या किनाऱ्याजवळ ट्रफाल्गरची लढाई झाली. एका बाजूला ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनची २७ जहाजे, दुसऱ्या बाजूला फ्रान्स आणि स्पेनची मिळून ३३. नेल्सनने शत्रूची रांग मधोमध तोडली आणि मधल्या व मागच्या जहाजांवर सगळा भार टाकला. ‘द्युगे-त्रुअँ’ रांगेच्या आघाडीला, रिअर अॅडमिरल द्युमान्वारच्या तुकडीत होते. वारा मंद असल्यामुळे या तुकडीला वळून मदतीला यायला फार वेळ लागला. ती वळली तोवर लढाईचा निकाल जवळजवळ लागला होता. ‘फॉर्मिदाब्ल’, ‘सिपियाँ’, ‘माँ-ब्लाँ’ आणि ‘द्युगे-त्रुअँ’ या चार जहाजांसह द्युमान्वार रणांगणातून निघाला.

ही चार जहाजे उत्तरेकडे, फ्रान्सच्या बंदराच्या रोखाने चालली होती. त्याच पाण्यात सर रिचर्ड स्ट्रॅकन हा ब्रिटिश अधिकारी दुसऱ्याच एका फ्रेंच तुकडीच्या शोधात फिरत होता. २ नोव्हेंबरला द्युमान्वारची जहाजे ब्रिटिशांच्या दृष्टीस पडली आणि पाठलाग सुरू झाला. ४ नोव्हेंबरला स्पेनच्या वायव्य टोकाजवळ, केप ऑर्टेगल भूशिराच्या परिसरात गाठ पडली. स्ट्रॅकनकडे लढाईच्या रांगेतील चार मोठी जहाजे आणि चार फ्रिगेटी होत्या. फ्रिगेट म्हणजे एका मजल्यावर तोफा वाहणारे हलके, वेगवान जहाज. या फ्रिगेटींनी मागून सतत मारा करून फ्रेंचांचा वेग तोडला आणि मोठ्या जहाजांना लढाईत उतरायला वेळ मिळवून दिला. त्यांपैकी ‘रेव्होल्यूशनेअर’ ही फ्रिगेट स्वतः १७९४ मध्ये फ्रेंचांकडून जिंकलेली होती.

काही तासांच्या लढाईनंतर चारही फ्रेंच जहाजांनी निशाण उतरवले. ‘द्युगे-त्रुअँ’चा कप्तान क्लोद तूफे लढताना मारला गेला. ब्रिटिशांकडे २४ ठार आणि १११ जखमी झाले. फ्रेंचांची हानी याच्या कितीतरी पट होती. पकडलेली जहाजे इंग्लंडमधील प्लिमथच्या बंदरात नेण्यात आली.

जिंकलेल्या जहाजाचे पुढे काय होई

समुद्रात पकडलेल्या जहाजाला ‘प्राइझ’ म्हणत. ते बंदरात आले की खास न्यायालयापुढे प्रकरण चाले आणि कब्जा कायदेशीर ठरल्यावर त्याची किंमत केली जाई. जहाज उपयोगाचे असेल तर नौदलच ते विकत घेई. ही रक्कम पकडणाऱ्यांमध्ये वाटली जाई. १८०८पूर्वीच्या नियमांनुसार तिचे आठ भाग होत. तीन भाग कप्तानाचे, पण त्यांतला एक त्याच्या वरिष्ठ अॅडमिरलला जाई. तीन भाग निरनिराळ्या दर्जांच्या अधिकाऱ्यांना मिळत. उरलेले दोन भाग शेकडो खलाशी आणि नौसैनिकांत विभागले जात. एकेकाच्या हाती थोडेच पडे, तरी तुटपुंज्या पगारावर जगणाऱ्या खलाशाला त्याची मोठी आस असे.

सरकारच्या दृष्टीने लाभ वेगळा होता. मोठे युद्धजहाज नव्याने बांधायला काही वर्षे आणि पूर्ण वाढलेले शेकडो ओक वृक्ष लागत. जिंकलेले जहाज डागडुजी करून त्यामानाने लवकर समुद्रात पाठवता येई. शिवाय त्यावरून शत्रूची विद्या हाती येई. अशा जहाजांची बारकाईने मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे काढले जात आणि पुढे त्यांवरून नवी जहाजे बांधली जात. मात्र तोफा बदलाव्या लागत. फ्रेंच आणि ब्रिटिश गोळ्यांचे आकार वेगळे असल्यामुळे फ्रेंच तोफांना ब्रिटिश कोठारातला दारूगोळा चालत नसे.

केप ऑर्टेगलला पकडलेल्या चार जहाजांपैकी दीर्घ आणि नामांकित कारकीर्द ‘द्युगे-त्रुअँ’लाच लाभली. ‘इम्प्लॅकेबल’ या नव्या नावाने ते ब्रिटिश नौदलात दाखल झाले.

बाल्टिक ते व्हेराक्रुझ

१८०८ मध्ये रशिया नेपोलियनच्या बाजूला होता आणि स्वीडन ब्रिटनच्या. कप्तान थॉमस बायम मार्टिनच्या हाताखाली ‘इम्प्लॅकेबल’ बाल्टिक समुद्रात स्वीडनच्या ताफ्याला साथ देत होते. २६ ऑगस्टला रशियन ताफ्याचा पाठलाग करताना ‘इम्प्लॅकेबल’ आणि सर सॅम्युएल हूडचे ‘सेंटॉर’ ही दोन ब्रिटिश जहाजे स्वीडिश जहाजांना मागे टाकून पुढे गेली. ‘इम्प्लॅकेबल’ने ‘व्सेवोलोद’ या ७४ तोफांच्या रशियन जहाजाला गाठून नमवले. रशियन ताफा मदतीला वळला, तेव्हा ब्रिटिशांना तात्पुरते मागे हटावे लागले. पण जायबंदी ‘व्सेवोलोद’ आजच्या एस्टोनियातील पाल्दिस्की बंदराच्या तोंडाशी पुन्हा ‘सेंटॉर’च्या तावडीत सापडले. ब्रिटिशांनी ते काबीज केले आणि नंतर जाळून टाकले. ‘इम्प्लॅकेबल’वर सहा जण ठार, तर २६ जखमी झाले. सानेच्या आराखड्यातला वेग या दिवशी ब्रिटिशांच्या कामी आला.

पुढच्या वर्षी, जुलै १८०९ मध्ये, फिनलंडच्या किनाऱ्यावर मोठी जहाजे जाऊ शकणार नाहीत अशा उथळ, खडकाळ पाण्यात रशियाच्या तोफनौका उभ्या होत्या. ‘इम्प्लॅकेबल’ आणि त्याच्या सोबतच्या जहाजांवरून होड्या सोडण्यात आल्या. ‘इम्प्लॅकेबल’चा लेफ्टनंट जोसेफ हॉकी त्यांचे नेतृत्व करीत होता. रात्रीच्या या हल्ल्यात आठपैकी सहा तोफनौका हाती लागल्या, एक बुडाली आणि रशियन सैन्यासाठी रसद व दारूगोळा नेणारी व्यापारी गलबतेही पकडली गेली. हॉकी मात्र या हल्ल्यात मारला गेला.

१८१०-११ मध्ये जहाजावर निराळेच काम आले. नेपोलियनच्या सैन्याने स्पेनचा बहुतेक भाग व्यापला होता आणि तेथील प्रतिकार सरकार कादिझ बंदरात तग धरून होते. त्याच्यासाठी मेक्सिकोतील व्हेराक्रुझ बंदरातून वीस लाख डॉलर आणण्याची जबाबदारी कप्तान जॉर्ज कॉकबर्नने ‘इम्प्लॅकेबल’वरून पार पाडली. १८१४ मध्ये वॉशिंग्टन शहर जाळणाऱ्या ब्रिटिश मोहिमेतला प्रमुख नौदल अधिकारी हाच कॉकबर्न.

१८१३ मध्ये जहाज प्लिमथला परतले आणि तेथे नांगरून ठेवले गेले. नेपोलियन संपला, युद्धे थांबली आणि ते पाव शतक तसेच पडून राहिले. १८३९ मध्ये ते पुन्हा सज्ज करून भूमध्य समुद्रात धाडण्यात आले. इजिप्तच्या मुहम्मद अलीने ऑटोमन साम्राज्याचा सीरिया व्यापला होता. तो सोडवण्यासाठी ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तान यांनी १८४०मध्ये केलेल्या नाविक मोहिमेत ‘इम्प्लॅकेबल’ने भाग घेतला. ही त्याची शेवटची युद्धसेवा. १८४२मध्ये ते मायदेशी परतले.

मुलांची शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर वाफेच्या इंजिनाने शिडांचे युग मागे टाकले. तरी नौदलात भरती होणाऱ्या मुलांना डोलकाठीवर चढणे, दोर बांधणे, होडी वल्हवणे हे शिकवले जाई. १८५५पासून ‘इम्प्लॅकेबल’ प्लिमथजवळील डेव्हनपोर्टला याच कामासाठी उभे राहिले. अर्धशतकाच्या या कामात त्यावरून शिकून गेलेल्या मुलांची संख्या त्यावर कधीकाळी लढलेल्या सैनिकांहून कितीतरी मोठी भरते.

१९०८ मध्ये ते विकून मोडीत काढण्याचा विचार झाला, तेव्हा राजे सातवे एडवर्ड यांनी मध्ये पडून तो थांबवला. १९१२मध्ये नौदलाने हे जहाज जेफ्री व्हीटली कॉब यांच्या हवाली केले. कॉब यांनी जुन्या जहाजांवर मुलांना दर्यावर्दी शिक्षण देण्याचा ध्यास घेतला होता. त्यासाठी १८९०च्या दशकात त्यांनी नेल्सनचे जुने ध्वजजहाज ‘फूद्रॉयां’ विकत घेतले होते. १८९७मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात ते फुटले. त्याच्या जागी त्यांनी ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट घेतली आणि तिला ‘फूद्रॉयां’ हेच नाव दिले.

‘त्रिंकोमाली’ मुंबईची. १८१७मध्ये मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली ती मलबारी सागाच्या लाकडातून बांधली गेली. तिचा ‘लीडा’ वर्ग हा ब्रिटिशांनी १७८२मध्ये पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटीवरून घेतलेला होता आणि ‘एबे’चा आराखडाही सानेचाच. इंग्लंडमधील फॉलमथ आणि १९३२नंतर पोर्टस्मथ येथे नांगरलेल्या या दोन जहाजांत एक फ्रान्समध्ये ओकचे बांधलेले, तर दुसरे मुंबईत सागाचे. रेषा मात्र दोन्हीकडे एकाच फ्रेंच कारागिराच्या विद्येतून आलेल्या होत्या.

१९३१ मध्ये कॉब वारले, तरी सागरी चित्रकार हॅरल्ड वायली आणि इतरांनी काम चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने ही जहाजे पुन्हा प्रशिक्षणासाठी वापरली.

शेवट आणि त्यातून घेतलेला धडा

युद्ध संपले तेव्हा ‘इम्प्लॅकेबल’ची लाकडे कुजली होती. दुरुस्तीसाठी फार मोठी रक्कम लागणार होती आणि बॉम्बफेकीत पडलेली घरे उभारणाऱ्या, अन्नधान्याचे रेशनिंग सोसणाऱ्या ब्रिटनकडे ती नव्हती. जहाज फ्रान्सला परत देण्याचा प्रस्ताव ठेवण्यात आला, पण फ्रान्सही तितकाच हलाखीत होता आणि त्याने नकार दिला. ट्रफाल्गरला हजर असलेल्या जहाजांपैकी तेव्हा फक्त दोन उरली होती : नेल्सनचे ‘व्हिक्टरी’ आणि हे.

२ डिसेंबर १९४९ रोजी आयल ऑफ वाइट बेटाजवळच्या खोल पाण्यात ‘इम्प्लॅकेबल’ ओढत नेण्यात आले. त्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच अशी दोन्ही निशाणे फडकत होती. लष्करी मानवंदना देऊन सुरुंग उडवण्यात आला. तळ फुटला आणि वजनासाठी भरलेले शेकडो टन लोखंड खाली गेले, पण वरचा लाकडी सांगाडा काही तास तरंगतच राहिला.

या घटनेबद्दल ब्रिटनमध्ये हळहळ व्यक्त झाली आणि तिचे रूपांतर कामात झाले. ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनी ‘कटी सार्क’ हे चहाची वाहतूक करणारे वेगवान जहाज वाचवण्याची मोहीम उभारली. ते जहाज १९५४पासून ग्रीनिचला कोरड्या गोदीत जतन केलेले आहे. पुढे ऐतिहासिक जहाजांच्या रक्षणासाठी ‘वर्ल्ड शिप ट्रस्ट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. ‘इम्प्लॅकेबल : पुन्हा कधीही नाही’ या आशयाचे वाक्य तिने आपले घोषवाक्य केले.

‘इम्प्लॅकेबल’च्या नाळेवरील शिल्प आणि पिछाडीचे नक्षीकाम आज ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. नांगर उचलण्याचे त्याचे उभे चक्र जन्मगावी, रोशफोरच्या सागरी संग्रहालयात ठेवले आहे. पोर्टस्मथला ‘इम्प्लॅकेबल’च्या शेजारी उभी असलेली मुंबईची ‘त्रिंकोमाली’ मात्र वाचली. १९८७ मध्ये ती इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूलला नेण्यात आली. तेथे तिची अनेक वर्षे चाललेली दुरुस्ती पूर्ण झाली आणि तिला मूळ नावही परत मिळाले. अजून पाण्यावर तरंगणारे ब्रिटनचे सर्वांत जुने युद्धजहाज म्हणून ती ओळखली जाते. सानेच्या जहाजांकडून ब्रिटिशांनी काय घेतले आणि वाडियांच्या कारागिरांनी ते सागात कसे उतरवले, हे तिच्यावर चढून आजही पाहता येते.