सूर्य मात्र आपापल्या गावाचा

इफ्तारच्या वेळी आमच्या दस्तरखानावर पाण्याच्या ग्लासाला टेकवून एक मोबाइल उभा केलेला असतो. त्यात एका चौकोनात श्रीवर्धनची अम्मी, दुसऱ्या चौकोनात दुबईचा धाकटा भाऊ. आम्ही इकडे कोपरखैरण्यात. अजान झाली की आम्ही खजूर तोंडात टाकतो, तिकडे अम्मीही टाकते. भाऊ मात्र कोरड्या ओठांनी आमच्याकडे बघत असतो. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे आणि तिथला सूर्यही आपल्यानंतर तास-सव्वा तासानं मावळणारा. "खा, खा. माझ्या वाटणीची भजी ठेवा म्हणजे झालं," तो म्हणतो.

एका रमजानात तो सुट्टीवर आला होता. नमाजच्या वेळा सांगणाऱ्या अॅपमध्ये शहर बदलायचं राहून गेलं. आमचा रोजा सुटला, नमाज झाली, भांडी घासून झाली आणि मग त्याच्या खिशातून मग्रिबची अजान सुरू झाली! हसून हसून पुरेवाट झाली.

पण त्या गमतीत एक खरी गोष्ट आहे. रोजा पहाट फुटण्यापूर्वी सुरू होतो आणि सूर्यास्ताला सुटतो. कुठल्या सूर्यास्ताला? तुम्ही जिथे असाल तिथल्या. पनवेल दक्षिण मुंबईच्या थोडं पूर्वेला, म्हणून तिथला सूर्य मिनिटभर आधी मावळतो. पूर्वी दुकानदार छापून वाटायचे ते वेळापत्रकाचं कार्ड स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेलं असायचं. आता तेच काम मोबाइल करतो. साधन बदललं, सूर्य मात्र ज्या त्या गावाचाच राहिला.

या साधनांचे उपकार मी विसरत नाही. २०२० चा रमजान आठवून पाहा. २५ एप्रिलला पहिला रोजा, बाहेर लॉकडाऊन, मशिदी बंद. रमजानच्या रात्रीची तरावीहची नमाज प्रत्येकानं घरातच पढली. प्रवचनं आणि कुराणाचं पठण मोबाइलवर ऐकलं. २५ मेच्या ईदला गळाभेट नव्हती, होते ते फक्त व्हिडिओ कॉल. त्या दिवसांत अम्मीचा चेहरा रोज दिसला, तो या पडद्यामुळेच.

तेव्हा अनेकांनी विचारलं होतं, "मोबाइलवरच्या इमामामागे घरातून नमाज पढली तर चालेल का?" बहुतेक उलेमांनी नाही असंच उत्तर दिलं. जमातची नमाज म्हणजे माणसं एका ठिकाणी, रांगेत, खांद्याला खांदा लावून उभी असली पाहिजेत. ते जमत नसेल तर घरातल्या घरात पढा. तेव्हा हे मला जरा कडक वाटलं होतं.

आपण नवी मुंबईकर तर या पडद्यामागच्या जगाच्या अगदी शेजारी राहतो. ऐरोली, रबाळे, महापे भागातून जाताना मोठमोठी डेटा सेंटर दिसतात. पनवेलजवळही २०२० मध्ये एक मोठं सुरू झालं. समुद्राखालून आलेल्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, म्हणून ही गर्दी इथे. ज्याला आपण 'क्लाउड' म्हणतो ते आभाळात नाही. ते आपल्याच एमआयडीसीत आहे. आत संगणकांच्या रांगा आणि ते तापू नयेत म्हणून रात्रंदिवस चालणारी गार हवा.

माझा मुलगा सहरीपर्यंत जागून मोबाइलवर गेम खेळतो. त्याचे सोबती कुठल्या कुठल्या शहरांतले. त्या मैदानावर तहान नाही, भूक नाही, गडी मेला तरी पुढच्या डावात ताजातवाना उभा. मी त्याला ओरडते खरी, पण मीही वेगळं काय करत होते, ते मला गेल्या रमजानात कळलं.

पहिल्या रोजाला मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फळांच्या ताटाचा फोटो टाकला, 'रमजान मुबारक' लिहिलं. भराभर उत्तरं आली. आमच्याखाली तीन मजल्यांवर एकट्या राहणाऱ्या काकूंनीही जोडलेले हात पाठवले. दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद पडली. जिन्यानं उतरताना काकूंचं दार अर्धवट उघडं दिसलं म्हणून डोकावले. काकू सोफ्यावर पडून होत्या. हात धरला तर चटका बसला. दोन दिवसांपासून ताप होता. परदेशातल्या मुलाचा रोज व्हिडिओ कॉल येत होता, पण काकू तेवढ्यापुरत्या केस नीट करून बसायच्या. "त्याला कशाला घोर? तिकडून तो काय करणार?" म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी मला जोडलेले हात पाठवले, तेही तापातच.

चेहरा दिसत होता, ताप दिसत नव्हता. तो हात लावल्यावरच कळला. डॉक्टरांकडे नेलं, चार दिवसांत काकू बऱ्या झाल्या. पण खांद्याला खांदा का लागतो, हे मला त्या जिन्यात उमगलं.

आपल्या धर्मात शेजाऱ्याचा हक्क फार मोठा मानला आहे. शेजारी कुठल्या धर्माचा, हे तिथे विचारलेलं नाही. जकात, म्हणजे वर्षभराच्या शिलकीतला अडीच टक्के वाटा, देतानाही आधी जवळच्या गरजूंकडे बघावं, असं सांगतात. आता जकात यूपीआयनं क्षणात कुठेही पोचते आणि ते चांगलंच आहे. पण जवळचा गरजू कोण, हे शोधायला जिना उतरावा लागतो.

आता अजानच्या दहा मिनिटं आधी मुलगा मोबाइल ठेवतो आणि ताट घेऊन तीन मजले उतरतो. एकादशीला काकूंकडून साबुदाण्याची खिचडी वर येते. उपाशी पोटाची भाषा त्यांनाही माझ्याइतकीच कळते. दस्तरखानावरचा कॉल हल्ली थोडा उशिरा लागतो. चौकोनातून भाऊ पहिल्यांदा हेच विचारतो, "काकूंचं ताट गेलं का?"