बेटांची राखण (लेखांक ७) : पाहुण्याने उतरावं, मुक्काम करू नये

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की समुद्रातल्या एकाकी बेटांवरचे पक्षी माणसाच्या बंदुकीपेक्षा त्याच्या गलबतांतून उतरलेल्या उंदरा-मांजरांनी जास्त संपवले. यावरून सहज सुचणारा निष्कर्ष असा की जिथे एखाद्या जातीचे शेवटचे जीव तग धरून आहेत, तिथे माणसाला पाऊलच टाकू देऊ नये आणि पर्यटकाला तर नाहीच नाही. हा निष्कर्ष मला मान्य नाही. पर्यटक बेटाला तारक ठरतो की मारक, हे तो किती सज्जन आहे किंवा त्याने तिकिटाला किती पैसे मोजले यावर अवलंबून नसतं. त्याच्या पाठोपाठ बेटावर काय काय येतं आणि ते अडवण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, यावर ते ठरतं. हिंदी महासागरात, सेशेल्स देशात कझिन नावाचं एक बेट आहे. त्याची हकीकत या दृष्टीने बघण्यासारखी आहे.

कझिन तीस हेक्टरही भरत नाही. खोबऱ्यासाठी मूळचं रान तोडून तिथे माड लावले गेले आणि १९६८पर्यंत ते बेट म्हणजे नारळाची वाडीच होतं. सेशेल्स वार्बलर हा आपल्या वटवट्याच्या गोतावळ्यातला, मातकट रंगाचा, मुठीत मावेल एवढा पक्षी. पानांच्या खालच्या अंगाला चिकटलेले किडे टिपून तो जगतो. माडाच्या झावळ्यांत त्याचं पोट कसं भरणार? १९६८ साली साऱ्या जगात तीसपेक्षाही कमी वार्बलर उरले होते. ते सगळे याच बेटावर, त्यातही खारफुटीच्या एका लहानशा पट्ट्यात होते. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय पक्षी संरक्षण परिषदेने, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलने, बेट विकत घेतलं. पुढचं काम दिसायला साधं होतं : माड हटवायचे, त्यांची नवी रोपं उपटत राहायची आणि पिसोनियासारख्या मूळच्या झाडांना जागा द्यायची. रान परतलं, किडे परतले आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला वार्बलर तीनशेच्या वर जाऊन बेट भरलं. मग १९८८ साली २९ पक्षी अरीड बेटावर, १९९० साली २९ शेजारच्या कुझीनवर आणि पुढे २००४ साली डेनिस व २०११ साली फ्रेगेट बेटावर काही पक्षी नेऊन सोडले. आज पाच बेटांवर मिळून ते हजारोंच्या संख्येत आहेत.

१९७५पासून राखीव असलेल्या या बेटावर पर्यटकही जातात, पण सोमवार ते शुक्रवार आणि तेही सकाळीच. त्यांना आणणारी बोट किनाऱ्याला लागू शकत नाही, ती बाहेरच्या पाण्यात नांगरून ठेवावी लागते. बेटावरची, तिथेच मुक्कामाला असणारी छोटी बोट येते, माणसांना आपल्यात घेते आणि वेगाने थेट वाळूत चढते. किनाऱ्याला लागलेली परकी बोट म्हणजे उंदराला पूल, म्हणून हा खटाटोप. आतल्या वाटेवर गेलं की त्याचं कारण डोळ्यांसमोर येतं. पांढरी सुरय घरटं बांधतच नाही, आडव्या फांदीच्या जराशा खोबणीत एकुलतं एक अंडं ठेवते, आणि त्यातून बाहेर आलेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून नख्यांनी फांदी घट्ट धरून बसतं. पांढऱ्या शेपटीचा ट्रॉपिकबर्ड झाडाच्या बुंध्याशी चक्क जमिनीवर अंडं उबवतो आणि माणूस दोन हातांवर आला तरी उठत नाही. याला धीटपणा म्हणता येणार नाही. जमिनीवरून येणारा सस्तन शिकारी या पक्ष्यांच्या पिढ्यांनी पाहिलेलाच नाही. एक गाभण उंदरीण इथे पोहोचली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. सेशेल्समधल्याच फ्रेगेट बेटावर वस्ती होती, सामानाची ये-जा होती. १९९५ साली तिथे उंदीर पोहोचले. सेशेल्सचा दयाळ, जो १९६०च्या दशकात जगात फक्त फ्रेगेटवर आणि पंधराच्या आसपास उरला होता, त्याच्या डोक्यावर नव्याने टांगती तलवार आली. सुदैवाने काही दयाळ त्याआधीच कझिनवर आणून ठेवले होते.

कझिनशी तुलनेसाठी गॅलापागोस बेटं पाहावीत. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे : आखलेली वाट सोडायची नाही, सोबत प्रशिक्षित वाटाड्या हवाच, आणि एका वाटाड्यामागे माणसंही मोजकीच. पर्यटकाच्या बुटाने तिथे फारसं नुकसान होत नाही. अडचण त्याच्या मागून येते. वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं येऊ लागली की त्यांना हॉटेलं लागतात, हॉटेलांना कामगार लागतात, आणि त्या सगळ्यांना सुमारे हजार किलोमीटरवरच्या मुख्य भूमीतून धान्य, भाजी, सिमेंट लागतं. १९७०च्या दशकात तिथे काही हजार रहिवासी होते, २०१५च्या जनगणनेत ते पंचवीस हजारांवर गेले. बाहेरून आलेल्या जातींची संख्या आज दीड हजाराच्या घरात आहे. फिंच पक्ष्यांच्या घरट्यांत अंडी घालणारी आणि जिच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात अशी एक माशी तर १९६०च्या दशकातच येऊन पोहोचली होती. पर्यटनाची लाट यायच्या आधीच चुकून आलेला तो एक जीव अजून हुसकता आलेला नाही. ऑगस्ट २०२४पासून परदेशी पाहुण्यांची प्रवेश फी शंभर डॉलरवरून दोनशे झाली. वाढीव पैसा उपयोगी पडेलही, पण मालवाहू जहाज त्याने थांबत नाही. कझिनवर पर्यटक रात्र काढत नाही, म्हणून त्याच्यासाठी जहाजही येत नाही. दोन्ही ठिकाणचा खरा फरक मला इथे दिसतो.

यावर एक आक्षेप असा की वार्बलर वाचवला तो १९६८च्या देणगीदारांनी, मग पर्यटकाला श्रेय कशाला? खरेदीबद्दल हे बरोबर आहे. पण बेट एकदा विकत घेता येतं, राखावं मात्र रोज लागतं. या भागातली हॉक्सबिल कासवं भर दिवसा वाळूत चढून अंडी घालतात, त्यामुळे कवचासाठी त्यांना मारणाऱ्यांचं काम फार सोपं होतं. सेशेल्समध्ये कवचाच्या व्यापारावर बंदी आली १९९४ साली; त्याआधीपासून कझिनच्या किनाऱ्यावर गस्त आणि मोजणी चालू होती, आणि १९७०च्या दशकाच्या तुलनेत २००९पर्यंत तिथे दरवर्षी अंडी घालायला येणाऱ्या माद्या आठपट झाल्या. बेट सांभाळणाऱ्या ‘नेचर सेशेल्स’ संस्थेचा रखवालदारांवरचा खर्च बऱ्याच अंशी पाहुण्यांच्या तिकिटांतून निघतो. हाच हिशेब त्या देशात आणखी मोठ्या प्रमाणावर दिसतो : प्रास्लिन बेटावरच्या व्हॅले द मे या जोडनारळाच्या रानात पर्यटक जे तिकीट काढतात, त्यातून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या अल्डाब्राची, तिथल्या लाखभर महाकाय कासवांची राखण होते. अल्डाब्राला जाणारे पर्यटक अगदी थोडे. २०२० साली विमानं थांबली तेव्हा हा झरा आटला, हेही खरं. म्हणून तिकिटावरच सगळी भिस्त ठेवणं धोक्याचं आहे. सुकाळात बाजूला काढलेली गंगाजळी आणि देणगीचा आधार, दोन्ही हवेत.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. कझिनचा पाहुणा रात्री झोपतो ते शेजारच्या प्रास्लिनवर. म्हणजे भार नाहीसा झाला नाही, दुसरीकडे सरकला. हे मी मान्य करतो आणि तरीही ते योग्य समजतो. प्रास्लिनवर माणसं, उंदीर आणि मांजरं आधीपासून आहेत, तिथे आणखी एका खोलीने जी हानी होईल ती कझिनवरच्या पहिल्या खोलीच्या तुलनेत नगण्य आहे. आपल्या कोकणात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, तेही याच न्यायाने चालतं : गाव तिथे आधीच आहे, आणि घरटी राखणाऱ्या गावाला त्यातून चार पैसे मिळतात. ज्याचं उत्तर मला सापडत नाही ते विमानाच्या धुराचं. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीची बहुतेक जिवंत प्रवाळं पांढरी पडून मेली, आणि २०१६ साली पुन्हा तोच फटका बसला. २०१०मध्ये कझिनने आपल्या पर्यटकांच्या प्रवासाचाही कार्बन हिशेबात धरून तो दुसरीकडे भरून काढल्याचं जाहीर केलं. प्रयत्न प्रामाणिक आहे, पण हिशेब जुळला म्हणून पाणी थंड होत नाही. बेटाचे नियम उंदराला अडवू शकतात, तापलेल्या समुद्राला नाही.

उरला गरिबी-श्रीमंतीचा मुद्दा. इंडोनेशियाने २०२२ साली कोमोडो पाहण्याची फी एकदम ३७ लाख ५० हजार रुपिया करायचं ठरवलं. स्थानिक वाटाडे आणि हॉटेलवाले संपावर गेले आणि बेत मागे घ्यावा लागला. त्यांचा राग रास्त होता. गर्दी रोखायची असेल तर किंमत हे सगळ्यात आंधळं साधन आहे. ते श्रीमंताला आत घेतं, पण त्याच्या मागचं सामान मोजत नाही. वेळ, बोट आणि मुक्काम यांवरची बंधनं सगळ्यांना सारखी लागतात. फ्रेगेटवर मात्र अशी बंधनं यायच्या आधीच उंदीर पोहोचले होते. २००० साली ते समूळ संपवले गेले. दयाळांना इजा न होऊ देता हे कसं साधलं, ते पुढच्या लेखांकात.